वगळा

तिसरा भाग आला चवथीच्या आठ दिवस आधी,
बुधवारी मध्यरात्री, नऊ वर्षांनी.
कायतानबाबाचं दुकान आता नाही,
तिथे चष्मे विकतात.
म्हणून चोडणला घरीच बसलो, पंखा बंद करून,
त्याची घरघर मला नको होती.
वीज जाऊ नये म्हणून मनातल्या मनात
शांतादुर्गेला एक नारळ बोललो.

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक.
आम्ही नुसतं ‘बेट’ म्हणायचो.
रायबंदरच्या धक्क्यापाशी, तासाला पंधरा रुपये,
एका खुर्चीवर दोघे, तिसरा पाठीशी उभा:
मी, शांबा, आणि रोझारियु,
ज्याला तलवार कधी धरता आली नाही
पण रस्ते सगळे पाठ.

पहिल्या भागात एक तारी होता.
बोलायचा नाही. टोपीखाली त्याला चेहराच काढलेला नव्हता.
नाणं दिलं की वल्हं उचलायचा,
आणि मग चार मिनिटं
काहीसुद्धा व्हायचं नाही.
काळं पाणी. चुबुक, चुबुक.
मध्येच एखादी घंटा, कुठल्या बेटावरची ते कळायचं नाही.
कळा दाबा, आपटा, होडी तिच्याच चालीने जायची.
पंधरा रुपये तास म्हणजे चार मिनिटांचा रुपया.
तो आम्ही दर फेरीला पाण्यात घालायचो.

त्या रुपयात शांबाने सांगितलं
बापाची खाणीवरची नोकरी गेली.
त्या रुपयात रोझारियु म्हणाला
पासपोर्ट पुर्तुगेज होतोय.
स्क्रीनकडे बघत म्हणाला.
आम्हीही स्क्रीनकडेच बघत राहिलो.

नव्या भागातलं पाणी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू.
चंद्र त्यात फुटतो आणि हळूहळू पुन्हा जुळतो.
पण तारी बोलतो!
त्याला दाढी आहे, मेलेली मुलगी आहे,
आणि तो ते सगळं पहिल्याच फेरीत सांगून टाकतो,
बसस्टॉपवर भेटलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं.
घंटा वाजली की कोपऱ्यात अक्षरं येतात:
पूर्वेला, दोनशे मीटर.
वाटेवर सोनेरी बाण. हरवायची सोयच नाही,
रोझारियुने करायचं काय?
ताऱ्याला लाल टोपी हवी तर दोनशे नव्याण्णव, खरे.
आणि होडी सुटल्यासुटल्या, खाली उजवीकडे,
एक लहानसं, सभ्य बटण:
वगळा.

पहाटे तीनला स्विंडनहून फोन,
तिथली पाळी नुकती संपलेली.
‘पळयलें मरे? ताका उलयतो केला!’
शांबाने लिहिलं, पैसे परत मागतो,
मग शिव्या, तीन भाषांतून.
तासभर आम्ही खोड्या काढल्या,
लग्नाच्या पंगतीत मीठ कमी निघालं की काढतात तशा,
चवीने.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
फोन यायच्या आधी, दोन वाजून गेलेले,
सकाळी ड्यूटी, मुलीचा ताप उतरलेला नाही,
तिसऱ्या फेरीला मी ते बटण दाबलं.
लगेच पलीकडे पोचलो.
कुणीतरी लांब कुठेतरी बसून ओळखलं होतं
की हा दाबणार.
राग बहुधा त्याचाच आहे.
बाण, टोपी, दाढी, ते नंतरचं.

सात वीसची फेरीबोट.
फळी चिखलात टेकली, स्कूटर आत घेतल्या,
सगळ्यांनी फोन काढले.
मी नाही काढला.
मांडवीला भरती होती, पाणी मातकट,
त्यात चंद्रबिंद्र काही नव्हतं.
शेजारच्या हेल्मेटवाल्याला म्हटलं,
आज उशीर केला नाही याने.
‘कितें?’ तो म्हणाला,
इंजिनात ऐकू गेलं नव्हतं.
मी पुन्हा सांगेपर्यंत
रायबंदर आलं.